धडधडीचे गणित

लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करीत नांदेडला जाणाऱ्या रस्त्यावर मोटारसायकली पुष्कळ धावतात; परंतु दृष्टीस पडण्यापूर्वीच जिचे आगमन कानाला कळावे अशी गाडी पिढ्यान्‌पिढ्या एकच होती, ती बुलेट. साखर कारखान्याचे संचालक, फौजदार, रजेवर आलेले जवान, गावचे पाटील आणि नांदेडच्या गुरुद्वारा परिसरातील शीख गृहस्थ या सर्वांच्या प्रतिष्ठेचा काही अंश त्या धडधडीवर अवलंबून होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. म्हणूनच 2010च्या सुमारास ओतीव लोखंडाचे जुने ‘कास्ट’ इंजिन जाऊन ‘यूसीई’ इंजिन आले, आणि पुढे सप्टेंबर 2023मध्ये त्याचीही गच्छंती होऊन ‘जे’ मालिकेचे इंजिन बुलेटमध्ये बसले, तेव्हा दोन्ही वेळा शौकिनांची फिर्याद एकच होती: गाडी उत्तम असेल, पण तिच्यात कास्टची मजा नाही. शहाणीसुरती माणसे असल्या तक्रारीला हट्ट म्हणून हसतात. माझ्या मते मात्र या फिर्यादीची यंत्रशास्त्राच्या दप्तरी रीतसर चौकशी व्हावयास हवी. तिच्यातला काही भाग निव्वळ सवयीचा असला, तरी काही भाग मोजून दाखविता येण्याइतका खरा आहे.

बुलेटचे मूळ इंग्लंडातील रेडिच गावचे. स्वतंत्र भारताच्या लष्कराला सरहद्दीवरील गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती, त्या निमित्ताने ती इकडे आली आणि 1955मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एन्फील्ड इंडिया ही कंपनी उभी राहिली. मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूर येथील कारखान्यात तीच गाडी, तेच 346 घनसेंटिमीटरचे इंजिन, 70 मिलिमीटर व्यासाचे सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा दट्ट्याचा फेरा, जवळजवळ अर्धशतक फारसा फेरफार न होता बनत राहिले. विलायतेतील मूळ कंपनीने 1970च्या आसपास गाशा गुंडाळला, तरी येथे अंमल बुलेटचाच चालू होता.

ही जुनी गाडी सुरू करणे हा एक विधीच होता. चावी फिरवून किक अगदी हलक्या पायाने दाबीत जावयाचे आणि नजर हँडलपुढच्या अँपिअरच्या काट्यावर ठेवावयाची. पॉइंट मिटलेले असेपर्यंत बॅटरीतून प्रवाह वाहतो व काटा एका बाजूला झुकलेला असतो; पॉइंट उघडताच तो मध्यावर येतो, आणि दट्ट्या दाबाच्या फेऱ्याच्या माथ्याशी पोहोचला आहे हे स्वाराला कळते. मग डिकम्प्रेशनची कळ दाबून दट्ट्याला तो माथा किंचित ओलांडू द्यावयाचा, कळ सोडावयाची आणि नंतरच सर्व भार टाकून किक मारावयाची. यात हयगय झाली तर किक उलट येऊन घोट्याला जो प्रसाद देई, तो पंधरवडाभर लक्षात राहत असे. ज्याला आपल्या यंत्राचा दट्ट्या या क्षणी कोठे आहे हे न पाहता सांगता येते, त्याचा त्या यंत्राशी असलेला संबंध एका बटणाने गाडी सुरू करणाऱ्याला सहसा लाभत नाही.

आता मुख्य मुद्दा आवाजाचा. चार फेऱ्यांच्या इंजिनात दर दोन आवर्तनांत एकदाच स्फोट होतो. म्हणजे मिनिटाला 900 आवर्तनांच्या गतीने उभ्या उभ्या चालणाऱ्या बुलेटमध्ये सेकंदाला साडेसात स्फोट होतात. मनुष्याच्या कानाची मर्यादा अशी की सेकंदाला सुमारे वीसपर्यंतचे ठोके त्याला सुटे ऐकू येतात आणि त्यापलीकडे ते एकमेकांत मिसळून त्यांचा अखंड स्वर होतो. हलगीची सुटी टिपरी आणि तिचा कडकडाट यांत जो भेद, तोच हा. वीस स्फोटांसाठी 2,400 आवर्तने लागतात. तेव्हा शौकीन ज्यावर जीव टाकतात ती धडधड ही मुळात मंद गतीची मालमत्ता आहे, आणि जड चक्राच्या जोरावर इतके मंद चालत राहणे हा जुन्या इंजिनाचा खास गुण होता. ‘यूसीई’ इंजिनात दोन स्पार्क प्लगांमुळे इंधन अधिक झपाट्याने व समप्रमाणात जळू लागले, वाल्वच्या खटखटीला तेलाच्या दाबावर चालणाऱ्या टॅपेटांनी आवर घातला, आणि धूरनियमांच्या फर्मानामुळे धुराच्या वाटेत उत्प्रेरक येऊन बसला. ठोका ऐकू येत राहिला खरा. त्याच्या कडा मात्र बोथट झाल्या. शौकिनांचा कान येथे तंतोतंत खरा ठरतो.

कंपाचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. खालीवर धावणारा एकटा दट्ट्या दर आवर्तनाला दोनदा दिशा बदलतो व प्रत्येक वेळी गाडीला हिसका देतो. हा हिसका गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आवर्तने दुप्पट झाली की तो चौपट होतो. क्रँकवर वजन बसवून त्याचा तोल साधावा म्हटले, तर ते वजन गोल फिरत असल्यामुळे उभा हिसका जितका कमी करते तितकाच आडवा निर्माण करते. सबब कारागिरांनी निम्म्यावर तडजोड केली होती. उरलेला निम्मा हिसका क्रँकच्या उलट दिशेने, पण तिच्याच गतीने फिरत असतो. त्यावर इलाज एकच: त्याच गतीने उलट फिरणारा एक स्वतंत्र तोलदांडा. ‘यूसीई’मध्ये तो नव्हता, ‘जे’ इंजिनात आहे. दुप्पट गतीचा लहानसा कंप त्यानंतरही शिल्लक राहतो. परंतु लातूर-नांदेड प्रवासानंतर तळहातांना येणाऱ्या मुंग्या ज्याला आठवतात, त्याने या दांड्याला नावे ठेवू नयेत. जुन्या लोखंडी सिलिंडरच्या जागी आलेल्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचेही तसेच आहे. तो मिश्रधातू उष्णता सुमारे तिप्पट वेगाने वाहून नेतो, आणि मराठवाड्याच्या वैशाखात याचे मोल पुस्तकात शोधावे लागत नाही.

गिअर उजव्या पायाकडून डाव्या पायाकडे गेला, तेव्हाही हाकाटी झालीच. तिचे मूळ मेंदूत आहे. अनेक वर्षांच्या सरावाने बनलेली हालचाल विचाराच्या कचेरीत न जाता परस्पर निकालात निघते. म्हणूनच जुना स्वार नव्या गाडीवर गिअर बदलावयास जाई आणि उजव्या पायाखाली त्याला ब्रेक सापडे.

असल्या फिर्यादी आपल्याच मुलखात होतात असे नाही. अमेरिकेत 1953पासून चालत आलेल्या कॉर्व्हेट या मोटारीचे मागचे गोल दिवे 2013मध्ये कोनदार झाले, तेव्हा केवढा तरी गहजब उडाला. आणि 2019मध्ये तिचे इंजिन पुढून उचलून आसनांच्या मागे बसविले व हाताने बदलावयाचा गिअर रद्द केला, तेव्हा तर तो अधिकच वाढला. दिव्यांचा वाद रुचीचा होता. इंजिनाचा बदल मात्र शास्त्राला धरून होता: गाडी वेग घेताना भार मागच्या चाकांवर सरकतो, आणि जोर लावणारी चाकेही तीच असल्याने वजन तेथे असलेले पकडीला उपकारकच ठरते. झोरा आर्कस-डंटॉव्ह हे कॉर्व्हेटचे अभियंते कित्येक दशकांपूर्वी हेच सांगत होते. गिअरविषयीची हळहळ मात्र मला रास्त वाटते.

आमच्याकडील काही तरुणांनी दाद मागण्याऐवजी फटाका सायलेन्सर बसविण्याचा मार्ग धरला आहे. 175 घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकीला कारखान्यातून निघताना 80 डेसिबलची मर्यादा असते. डेसिबलची पट्टी अशी की दहाने वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, ते योग्यच करतात. त्या फटफटाटात जुन्या बुलेटचे काही नाही. तिच्या ठोक्यांमध्ये शांतता होती, यात ती औषधालाही सापडत नाही.

नोव्हेंबर 2024मध्ये बुलेटच्याच कंपनीने मिलान येथे विजेवर चालणारी ‘फ्लाइंग फ्ली’ मांडली. विजेच्या मोटारीत दट्ट्याच नाही. त्यामुळे हिसका नाही, स्फोट नाही आणि तोलदांड्याचीही गरज नाही. उद्या एखाद्या कारखानदाराने अशा गाडीत कर्णा बसवून जुन्या बुलेटची धडधड वाजविण्याची तजवीज केली, तर तिला गिऱ्हाईक नांदेडात मिळेल आणि लातुरातही मिळेल. पण ज्याने अँपिअरचा काटा मध्यावर आणून किक मारलेली आहे, तो ती घेईल असे मला वाटत नाही.