आईचा आजार आणि लेकीची तपासणी

घरातील माउलीस कर्करोग झाला, की औषधपाण्याची, पैशाअडक्याची व इस्पितळाच्या खेपांची चिंता साऱ्या कुटुंबास ग्रासते. अशा वेळी डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवितात, तेव्हा ते शब्द कानांवर पडूनही मनात उतरत नाहीत. ‘आणखी एक खर्च’ एवढाच अर्थ घेऊन मंडळी घरी परततात.

ही अडचण ओळखून परदेशांतील काही इस्पितळांनी साधा उपाय योजिला आहे. तपासणी कशी व कशासाठी करावयाची, हे सांगणारी काही मिनिटांची चित्रफीत रुग्णास दाखवितात. तीच मोबाईलवर घरी पुन्हा पाहता येते.

आपल्या सीमाभागात तर अशा चित्रफितीची गरज अधिक. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि इस्पितळाच्या कागदांवर इंग्रजी! बेळगावात २०२५ साली के.एल.ई. संस्थेचे कर्करोग इस्पितळ सुरू झाले. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या ॲक्ट्रेक संस्थेत आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र सल्लाकेंद्र आहे. उपचार जवळ आले. पण निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईस ते तिच्याच भाषेत समजले पाहिजेत.

तिला प्रथम सांगावयाचे ते हे, की प्रत्येक कर्करोग आनुवंशिक नसतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक वेळा एका विषाणूमुळे होतो. त्यास लस व नियमित तपासणी हे उपाय आहेत. अंडाशयाच्या कर्करोगाची गोष्ट निराळी. अशा शंभर रुग्णांपैकी सुमारे १५ ते २० जणींत जन्मजात जनुकदोष आढळतो. त्यांतील बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली व बीआरसीए-२ हे १९९५ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागले. घराण्यात पूर्वी कोणास रोग नसला, तरीही हा दोष असू शकतो.

तपासणीस थोडे रक्त किंवा लाळ पुरते. दोष आढळल्यास ओलापारिबसारखे औषध रुग्णास उपयोगी पडू शकते. तिच्या प्रत्येक अपत्याकडे, मुलगा असो वा मुलगी, तो दोष जाण्याचा संभव निम्मा असतो. बापाकडूनही तो लेकीस मिळतो. दोष म्हणजे रोग नव्हे. वेळीच कळल्यास मुलेबाळे झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, अंडाशय व बीजवाहिन्या काढून पुढील धोका पुष्कळ कमी करता येतो.

‘हे बाहेर फुटले तर पोरीचे लग्न कसे जमेल?’ ही भीती खोटी नाही. परंतु झाकून ठेवल्याने रक्तातील दोष जात नाही. लेकीची सावध होण्याची संधी मात्र जाते. तपासणीचा निकाल गुप्त ठेवावयाचा असतो, आणि ती करावी की नाही हे रुग्णाने स्वखुशीने ठरवावयाचे असते.

चित्रफीत डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही. ती प्रश्न विचारावयास धीर देते. म्हणून अशी चित्रफीत मिळाल्यास आईने एकटीने पाहू नये. नवरा, मुली व मुलगे यांनी सोबत बसावे. माहेरी व सासरी कोणास, कोणत्या वयात, कसला कर्करोग झाला, ते एका कागदावर लिहावे. पुढच्या खेपेस औषधांच्या पिशवीत तो कागद आठवणीने न्यावा.