फळमाशीचा निरोप आणि आपली आंब्याची बाग

मे महिन्यातली दुपार. मुंबईहून लेकी-सुना, नातवंडे आलेली असतात. दादी आढीतला हापूस कापायला बसतात. आंबा बाहेरून पिवळाधमक, वास घरभर दरवळलेला. सुरी फिरते आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. साका निघाला तर तेवढा भाग काढून टाकता येतो. अळी निघाली की अख्खा आंबा जातो. रत्नागिरीतल्या किती तरी घरांना हा प्रसंग नवा नाही.

हे काम फळमाशीचे. मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. बाहेर फक्त बारीक ठिपका दिसतो. अंड्यांतून निघालेल्या अळ्या गर खातात, फळ गळून पडते, अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि त्यातून नव्या माश्या बाहेर येतात. फळातल्या अळीपर्यंत फवारणी नीट पोहोचत नाही, आणि तोडणीच्या तोंडावर फवारलेले औषध शेवटी आपल्याच मुलांच्या पोटात जाण्याची भीती असते.

नुकसान घरापुरतेही राहत नाही. भारतातून गेलेल्या मालात फळमाश्या सापडल्या म्हणून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपल्या आंब्यावर बंदी घातली. सोबत कारली, पडवळ, वांगी आणि अळूही अडकले. ऐन हंगामात दार बंद झाले. आंब्यावरची बंदी उठली ती २०१५ च्या सुरुवातीला.

या माशीवर उपाय सापडला तो तिच्याच बोलीतून. ही बोली आवाजाची नाही, गंधाची आहे. हजरत सुलैमान (अ.) यांचे लष्कर येताना पाहून सोबतिणींना सावध करणारी मुंगी आपल्या मुलांना ठाऊक असते. आज शास्त्रज्ञ सांगतात की मुंग्या मोठ्या प्रमाणावर रसायनांतून निरोप देतात. स्वयंपाकघरात साखरेकडे जाणारी रांग साबणाच्या फडक्याने पुसून पाहा. मुंग्या गोंधळून इकडेतिकडे फिरू लागतात, कारण वाटेवर सोडलेला गंध पुसला गेलेला असतो. एकाच जातीच्या जिवांमधल्या अशा निरोपाच्या रसायनांना १९५९ मध्ये ‘फेरोमोन’ हे नाव मिळाले.

आंब्यावरच्या फळमाशीचा नर असाच निरोप तयार करतो, पण त्यासाठी त्याला बाहेरून कच्चा माल लागतो. त्याचे नाव मिथिल युजेनॉल. तुळस आणि सब्जाच्या कुळातल्या काही वनस्पतींत, तसेच काही फुलांत ते असते. नर ते आधाशासारखे चाटतो. त्याच्या शरीरात त्याचे रूपांतर होऊन ते एका ग्रंथीत साठते. संध्याकाळी अंधार पडू लागला की पंख फडफडवत नर तो गंध हवेत सोडतो आणि माद्या त्याच्याकडे येतात. ज्याने हे रसायन खाल्ले, त्याला जोडीदार मिळण्याची शक्यता जास्त.

नरांची ही ओढ आपल्याच देशात टिपली गेली. बिहारमधील पुसा येथे काम करणारे कीटकशास्त्रज्ञ हाउलेट यांनी १९१२ मध्ये नोंदवले की सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर धाव घेतात. पुढे १९१५ मध्ये त्यांनी मिथिल युजेनॉलचे आकर्षणही नोंदवले.

आपल्या जिल्ह्यातल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच ओढीचा उपयोग करून ‘रक्षक’ सापळा तयार केला. प्लास्टिकच्या डब्यात मिथिल युजेनॉल आणि कीटकनाशक लावलेला लाकडी ठोकळा टांगायचा. वासाने नर आत शिरतो आणि मरतो. आंब्याच्या सालीला औषध लागत नाही.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. एक, सापळ्यात नरच येतात. अंडी घालणारी मादी बाहेरच राहते. नर फार कमी झाले तरच माद्यांची वीण खुंटते. म्हणून सापळे फळे पक्व होण्याआधीपासून लावावेत आणि ठोकळा वेळेवर बदलावा. किती सापळे लावायचे ते सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारावे. परसातल्या कारली-पडवळावरची माशी वेगळी. तिच्यासाठी ‘क्यू ल्यूर’चा सापळा लागतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. माशीला गडगा दिसत नाही. आपण सापळे लावले आणि शेजारच्या बागेत पडके आंबे कुजत राहिले, तर तिथल्या माद्या आपल्याकडेच येणार. पडके आंबे रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरणे किंवा नष्ट करणे, हे काम घरातली मुलेही करू शकतात. पण ते वाडीतल्या सगळ्यांनी मिळून करायला हवे. बऱ्याच बागांचे मालक मुंबईत किंवा आखातात असतात. त्यांच्या राखणदाराशी बोलून घ्यावे, नाही तर मालकाला एक फोन करावा. पुढच्या मे महिन्यात दादींच्या सुरीखाली काय निघेल, हे त्या फोनवरही अवलंबून आहे.