'सोडणे' आणि 'छोडना'



मराठीतील 'सोडणे' हे क्रियापद ऐकले की तुम्हांला उर्दूतील 'छोडना' आठवते. पुष्कळदा दोहोंचा अर्थ एकच असतो. 'हट्ट सोड', 'वाईट सवय सोडा', 'चाचांनी विडी सोडली' ही वाक्ये तुम्हांला सहज समजतात. पण सर्वच ठिकाणी तसे होत नाही.

एकदा रमजान महिन्यात माझ्या वर्गातील एका मुलाने मराठी वर्तमानपत्रात वाचले, 'मगरिबच्या अजानीनंतर सर्वांनी रोजा सोडला.' तो रागावून म्हणाला, "सर, आम्ही रोजा कुठे सोडला? आम्ही तर पूर्ण केला!"

उर्दूच्या दृष्टीने त्याचे म्हणणे बरोबर होते. उर्दूत 'रोजा छोडना' म्हणजे रोजा न ठेवणे. मराठीत मात्र 'उपवास सोडणे' म्हणजे उपवास पूर्ण झाल्यावर अन्न घेणे. उर्दूत यालाच 'रोजा खोलना' म्हणतात. वेळेआधीच काही खाल्ले तर मराठीत 'उपवास मोडला' असे म्हणतात आणि रोजा ठेवलाच नाही तर 'रोजा धरला नाही' असे म्हणतात.

१९२४ साली हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी गांधीजींनी दिल्लीत मौलाना मुहम्मद अली यांच्या घरी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. ८ ऑक्टोबर रोजी त्यांनी तो सोडला. येथे 'सोडला' म्हणजे अर्ध्यावर टाकला नाही, तर पूर्ण करून संपवला.

आता 'सुटणे' हे क्रियापद पाहा. 'पाच वाजता शाळा सुटली' म्हणजे छुट्टी झाली. 'मी पाच वाजता शाळा सोडली' असे लिहाल, तर गुरुजी विचारतील, "दाखला घेतलास का?" कारण शाळा सोडणे म्हणजे शिक्षण थांबवणे किंवा दुसऱ्या शाळेत जाणे. तसेच 'गाडी सुटली' म्हणजे गाडी स्थानकातून निघाली. ती तुम्हांला मिळाली नाही, तर 'माझी गाडी चुकली' असे म्हणा.

'सोडणे' सकर्मक आहे, 'सुटणे' अकर्मक. म्हणून भूतकाळात 'सोडणे' कर्माप्रमाणे बदलते: त्याने हट्ट सोडला, त्याने सवय सोडली, त्याने गाव सोडले. पहिली दोन रूपे उर्दूसारखीच आहेत. तिसरे नपुंसकलिंगी आहे. ते उर्दूत नाही, म्हणून नीट लक्षात ठेवा.

मित्रांनो, दोन भाषांतील शब्द सख्ख्या भावांसारखे दिसले, तरी प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. त्या मुलाचा राग अर्थ कळताच गेला. तुम्हीही एखादे वाक्य खटकले, तर आधी त्याचा अर्थ विचारा. घाईने अर्थ लावण्याची सवय मात्र सोडा. येथे 'सोडा' म्हणजे 'छोड दो'च!