खेळ रचण्याची साधने

खेळ खेळण्यात जसा आनंद आहे, तसाच तो रचण्यातही आहे. पटावरील सोंगट्या हलवणारा घटकाभर रमतो. परंतु त्या पटाचे नियम ज्याने प्रथम ठरवले, त्याचे समाधान काही निराळेच असले पाहिजे. संगणकाच्या पडद्यावरील खेळांनाही हे लागू पडते. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा दोन अवकाशयानांच्या झुंजीचा खेळ रचला. आजच्यासारखी तयार साधने त्यांच्या हाताशी नव्हती. आज शाळेत शिकणारे मूलही खेळ रचू शकते. कारण पूर्वसूरींनी केलेले पुष्कळसे काम त्याला आयते मिळते.

हे आयते काम कोणते, हे समजण्यासाठी पडद्यावरील खेळ चालतो कसा, ते प्रथम पाहिले पाहिजे. चित्रपटातील प्रत्येक चित्र स्थिर असते. ती भराभर बदलतात म्हणून माणसे चालताना दिसतात. संगणकाच्या खेळातही असेच घडते. खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते पाहणे, त्याप्रमाणे प्रत्येक वस्तूची जागा बदलणे आणि सारे चित्र नव्याने काढणे, या तीन क्रिया संगणक एका सेकंदात बहुधा ६० वेळा करतो. या अखंड फेऱ्याला ‘खेळचक्र’ म्हणता येईल. चेंडूची जागा दोन संख्यांनी सांगतात. एक आडवे अंतर आणि दुसरी उभे अंतर. प्रत्येक फेऱ्यात त्या संख्यांत थोडी भर घातली, की चेंडू पुढे सरकतो. तो उजव्या कडेला पोहोचताच आडव्या गतीचे चिन्ह अधिकाचे उणे केले, की तो माघारी फिरतो. यात जादू नाही; बेरीज-वजाबाकीच आहे.

चित्र काढणे, कळा ओळखणे व ध्वनी उमटवणे ही कामे सर्वच खेळांत सारखी असतात. घर बांधणारा गवंडी विटा भाजत बसत नाही. तो तयार विटा आणतो. त्याचप्रमाणे या सामान्य कामांचे तयार संच जाणकारांनी करून ठेवले आहेत. त्यांना ‘फ्रेमवर्क’, म्हणजे चौकट, असे म्हणतात. परंतु अशा चौकटी अनेक असल्यामुळे नवशिक्या गोंधळतो. कोणी सर्वांत नामांकित साधन हाती घेतो आणि त्यातील शेकडो कळा व खिडक्या पाहून चार दिवसांत ते सोडून देतो. हे काम आपल्याच्याने होणार नाही, असा त्याचा समज होतो. वास्तविक दोष त्याच्या बुद्धीचा नसून निवडीचा असतो. म्हणून चेंडू व फळी यांचा एक साधा खेळ कसोटीला घेऊन काही साधने पारखणे इष्ट ठरेल. अटारी या कंपनीने १९७२ साली आणलेला ‘पाँग’ हा प्रसिद्ध खेळ याच जातीचा होता.

पहिले साधन ‘स्क्रॅच’. ते त्याच मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेत मिचेल रेस्निक व त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी तयार केले व २००७ साली सर्वांना खुले केले. यात आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत बसवावे लागतात. ‘कडेला लागल्यास उसळ’ असा ठोकळा तयारच असल्यामुळे चेंडू थोड्याच वेळात उड्या मारू लागतो. लिहिण्यातील चूक येथे संभवतच नाही, हा मोठा गुण होय. मात्र चेंडू का उसळला, याचे गणित त्या ठोकळ्यातच दडलेले राहते. शिवाय खेळ वाढला, की ठोकळ्यांची गर्दी होऊन वाट सापडेनाशी होते.

दुसरे साधन ‘पायगेम’. पायथन या भाषेसाठी ते पीट शिनर्स याने २००० साली सुरू केले. येथे खेळचक्र स्वतःच लिहावे लागते. त्यामुळे श्रम अधिक पडतात, परंतु आतले काहीच झाकलेले राहत नाही. स्क्रॅचमधून येणाऱ्याने एक भेद ध्यानी ठेवावा. स्क्रॅचमध्ये शून्य पडद्याच्या मध्यभागी असते आणि उभी संख्या वाढली की वस्तू वर जाते. पायगेममध्ये शून्य डाव्या वरच्या कोपऱ्यात असते आणि संख्या वाढली की वस्तू खाली येते.

तिसरे ‘लव्ह’ हे साधन २००८ साली आले. त्यात लुआ ही ब्राझीलमध्ये जन्मलेली सुटसुटीत भाषा वापरतात. येथे चक्र चौकटच फिरवते. रचणाऱ्याने आरंभी काय करावे, प्रत्येक फेऱ्यात काय बदलावे आणि काय रेखाटावे, एवढेच सांगायचे. २०२४ साली गाजलेला ‘बलाट्रो’ हा पत्त्यांचा खेळ याच साधनाने रचलेला आहे.

‘गोडो’ हे याहून मोठे साधन अर्जेंटिनात निर्माण झाले आणि २०१४ साली सर्वांसाठी मुक्त झाले. त्यात चेंडू, फळी व भिंत हे वेगवेगळे घटक पडद्यावरच मांडून जुळवता येतात. मोठ्या खेळाला ते उत्तम. पण चेंडू-फळीच्या खेळासाठी त्याची सारी मांडणी शिकणे काहीसे जड जाते.

निवड करताना साधनाच्या अटीही वाचाव्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी या कंपनीने, आपल्या साधनाने रचलेला खेळ विशिष्ट मर्यादेपलीकडे जितक्या वेळा नव्याने बसवला जाईल, त्या मानाने शुल्क घेण्याचे जाहीर केले. ज्यांचे खेळ अर्धेअधिक तयार होते, ते अडचणीत सापडले. मोठा विरोध झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्द झाले. वर वर्णिलेली चारही साधने विनामूल्य असून त्यांची अंतर्गत रचना सर्वांना पाहता येते.

तात्पर्य, ज्याने कधीही आज्ञा लिहिलेली नाही, त्याने स्क्रॅचपासून आरंभ करावा. ज्याला थोडे पायथन येते आणि आतले कार्य समजून घ्यायचे आहे, त्याने पायगेम घ्यावे. नवी भाषा शिकण्याची तयारी असून चक्राचा भार नको असेल, तर लव्ह बरे. अनेक दृश्यांचा खेळ मनात असेल, तर एक-दोन लहान खेळ पुरे केल्यावर गोडोकडे वळावे. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण येथेही उपयोगी पडते.

साधने कालांतराने बदलतील. परंतु खेळचक्र, जागेच्या दोन संख्या आणि गतीचे चिन्ह ही एकदा नीट उमगली, की ती कोणत्याही चौकटीत कामी येतात. म्हणून साधनांची तुलना करण्यात महिना घालवण्यापेक्षा, त्यांतील एक निवडून लहानसा खेळ तडीस न्यावा व तो मित्राच्या हाती द्यावा. त्याने दाखवलेली पहिली चूक दुरुस्त करताना जे शिकायला मिळते, ते कोणतेही साधन आयते देऊ शकत नाही.