एक फाइल, अनेक हात

वर्डच्या डॉकएक्स फाइलची एक प्रत काढा, नावाच्या शेवटी डॉकएक्सऐवजी झिप लिहा आणि उघडून बघा. आत चक्क फोल्डर दिसतील: मजकूर एका एक्सएमएल फाइलमध्ये, चित्रं वेगळी, शैली वेगळ्या. ऑफिस 2007 पासूनची ही रचना. ‘ट्रॅक चेंजेस’ सुरू असेल, तर खोडलेला शब्दही आतच राहतो, कोणी आणि कधी खोडला या नोंदीसकट. म्हणून पाच-सात जणांनी मिळून अहवाल लिहायचा असेल, तर डॉकएक्स किंवा लिब्रेऑफिसची ओडीटी बरी. (बाहेर पाठवण्याआधी या नोंदी काढून टाकाव्यात. लोक हमखास विसरतात.)

पीडीएफचा स्वभाव उलटा. कोणतं अक्षर पानावर नेमकं कुठे, हे तिला पक्कं ठाऊक; परिच्छेद कुठे सुरू झाला, याच्याशी बहुधा देणंघेणं नाही. छापून आलेल्या लग्नपत्रिकेसारखी ती वाटायची, दुरुस्त करत बसायची नाही.

साधी टेक्स्ट फाइल दिसायला गरीब. पण फाइलींमधले बदल सांभाळणारी गिटसारखी प्रणाली तिच्या आवृत्त्या ओळीओळीने ताडते आणि दोघांनी दूरदूरच्या ओळी बदलल्या असतील, तर बदल आपोआप एकत्र करते. झिपमध्ये दाबलेल्या मजकुरावर तिचं हे कसब चालत नाही.

मराठीत आणखी एक पेच. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन चिन्हंच असतो. समोरच्याकडे तो फाँट नसला की सगळं अगम्य. अशी फाइल फिरवण्याआधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांखालून घाला. रूपांतरात तिथे गडबड होते.