आदर्श आणि वाट : हंगेरीतील रोमा मुले व बाबासाहेब

विद्यार्थ्यांपुढे आदर्श असावा, असे आपण सर्वच म्हणतो. जयंतीच्या सभेत, गुणवंतांच्या सत्कारात हे वाक्य दरवर्षी कोणीतरी बोलतोच. परंतु आदर्श मुलाच्या मनात नेमके काय करतो, कोणता आदर्श त्याला उठवून कामाला लावतो आणि कोणता भिंतीवर नुसता टांगलेला राहतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एक उदाहरण फार मोलाचे वाटले. ते आपल्या देशातले नाही. ते आहे युरोपातील हंगेरी देशातले, तेथील रोमा समाजाच्या मुलांचे. मात्र त्या उदाहरणाच्या मध्यभागी उभे आहेत आपले बाबासाहेब.

रोमा कोण?

ज्यांना युरोपात 'जिप्सी' म्हणून हिणवले गेले, तो हा समाज. त्यांची संख्या युरोपभर सुमारे एक कोटी ते एक कोटी वीस लाख असावी असा अंदाज आहे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडले. हे प्रथम उघड झाले ते भाषेवरून. १७८२ मध्ये रूडिगर या जर्मन पंडिताने रोमानी भाषेचे हिंदुस्थानी भाषांशी असलेले नाते दाखवून दिले. रोमानीत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक', कानाला 'कान' आणि दोनला 'दुई' म्हणतात, हे वाचून आपल्यालाही नवल वाटेल. १९७१ मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेने जो ध्वज मान्य केला, त्याच्या मध्यभागी सोळा आऱ्यांचे चक्र आहे.

या समाजाच्या वाट्याला आलेला इतिहास मात्र काळा आहे. आजच्या रुमानियाचा भाग असलेल्या प्रदेशात रोमा लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गुलाम होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी त्यांचा वंशसंहार केला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउशवित्झच्या छावणीतील उरलेल्या रोमा स्त्री-पुरुष व मुलांना विषारी वायूच्या कोठड्यांत मारण्यात आले.

शाळेच्या दारातील भिंत

युद्ध संपले, राजवटी बदलल्या, परंतु शाळेतील भिंत तशीच राहिली. मध्य युरोपातील अनेक ठिकाणी रोमा मुलांना 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या शाळांत किंवा वेगळ्या वर्गांत बसविण्याची पद्धत पडली होती. चेक प्रजासत्ताकातील ओस्त्रावा शहरात रोमा मूल अशा वेगळ्या शाळेत जाण्याची शक्यता इतर मुलांच्या २७ पट होती. तेथील अठरा मुलांनी दाद मागितली आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभावच आहे असा निकाल दिला. २०१३ मध्ये हंगेरीतील दोन रोमा तरुणांच्या प्रकरणातही असाच निकाल लागला. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसविलेला भीमराव आपल्याला ठाऊक आहे. म्हणून या भिंतीचा अर्थ आपल्या वाचकांना अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

वेगळ्या वर्गात बसविलेले मूल आपली पायरी फार लवकर ओळखते. त्यात घराभोवतीचे चित्रही निराशेचे. ईशान्य हंगेरीत कोळशाच्या खाणी आणि ओझ्द गावचा पोलादाचा कारखाना यांवर हजारो कुटुंबांचे पोट चालत होते. १९८९-९० च्या राजकीय बदलानंतर हे उद्योग बंद पडत गेले आणि सर्वांत आधी काम गेले ते अकुशल रोमा मजुरांचे. ज्या मुलाने वडिलांना, काकांना, शेजाऱ्यांना वर्षानुवर्षे बेकार पाहिले, ते मूल 'शिकून काय होणार?' असे विचारत असेल, तर त्याला आळशी म्हणता येणार नाही. त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे. शिकून काही झालेला माणूस त्याने पाहिलेलाच नसतो.

शायोकाझ्यात जय भीम

या भागातील शायोकाझा हे एक लहानसे गाव. तेथे तिबोर डेर्डाक हे समाजशास्त्रज्ञ आणि यानोश ओर्शोश हे स्वतः रोमा असलेले कार्यकर्ते मुलांच्या शिक्षणासाठी धडपडत होते. त्यांना एका पुस्तकातून बाबासाहेबांची ओळख झाली. पुढे ते महाराष्ट्रात आले, येथील बौद्ध वस्त्या, वसतिगृहे, विहारे त्यांनी डोळ्यांनी पाहिली आणि बौद्ध चळवळीशी नाते जोडले. २००७ मध्ये त्यांनी हंगेरीत 'जय भीम' या नावाने समुदाय स्थापन केला आणि डॉ. आंबेडकरांच्या नावाने माध्यमिक शाळा सुरू केली. शाळा अर्धवट सोडलेल्या मुलामुलींना पुन्हा वर्गात आणून शालान्त परीक्षेपर्यंत नेणे हे तिचे मुख्य काम. २०१६ मध्ये तेथे बाबासाहेबांचा अर्धपुतळाही बसविण्यात आला.

हजारो मैल दूरचा, वेगळ्या भाषेचा माणूस या मुलांना आपला का वाटावा? रोमा मुलाला मोठी माणसे शाळेच्या पुस्तकात भेटतातच. परंतु ती दुसऱ्या समाजाची असतात आणि त्यांना जन्मावरून कोणी हिणवलेले नसते. बाबासाहेबांना वर्गाबाहेरचा अपमान ठाऊक होता. त्यांनी तो लपविला नाही, त्याला नशीब म्हटले नाही, तर त्याची कारणे अभ्यासून त्याविरुद्ध कायदा उभा केला. 'दोष माझ्यात नाही, मला वेगळे बसविणाऱ्या व्यवस्थेत आहे,' हे वाक्य रोमा मुलाला त्यांच्या चरित्रातून मिळते. अभ्यासाला बसण्यापूर्वी मनावरचे हे ओझे उतरणे आवश्यक असते.

दूरचा दिवा, जवळची पणती

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगावीशी वाटते. पेनेलोपी लॉकवूड आणि झिवा कुंडा या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. हिशेबशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच शाखेतील शेवटच्या वर्षाच्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याची हकिकत वाचावयास दिली. पहिल्या वर्षाच्या मुलांना तिने हुरूप आला, कारण तेथवर पोहोचण्यास त्यांना वेळ होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांना तसा हुरूप आला नाही, कारण तेवढे करून दाखविण्याची वेळ त्यांच्या हातून निघून गेली होती. हकिकत एकच, परिणाम वेगळा. आदर्श किती उंच आहे यापेक्षा 'मला तेथे पोहोचता येईल का?' या प्रश्नाचे उत्तर महत्त्वाचे ठरते.

म्हणून दूरच्या दिव्याबरोबर जवळची पणतीही लागते. हंगेरीच्या पेच शहरात १९९४ मध्ये गांधींच्या नावाने रोमा मुलांसाठी माध्यमिक शाळा निघाली. तिचे पहिले प्रमुख यानोश बोग्दान हे स्वतः रोमा शिक्षक होते. नाव भारतीय, परंतु रोज सकाळी समोर उभा राहणारा माणूस आपल्यातला. २००४ मध्ये लिविया यारोका या हंगेरीतील रोमा स्त्री युरोपीय संसदेवर निवडून गेल्या. तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या रोमा महिला. हीही मोठीच गोष्ट. पण आठवीतल्या मुलीला संसदेपेक्षा आपल्या गल्लीतली, गेल्या वर्षी शालान्त परीक्षा पास झालेली ताई अधिक उपयोगी पडते. वस्ती व शाळा यांच्यामध्ये दुवा म्हणून रोमा समाजातीलच माणसे नेमण्याची पद्धत युरोपातील अनेक देशांनी स्वीकारली, तीही याच कारणाने.

आम्ही बँकेत काम करतो. शिष्यवृत्तीसाठी खाते काढावयास आलेली मुले आम्ही दर जून-जुलैत पाहतो. वडील अंगठा उठवितात, मुलगी फॉर्म भरते. बाबासाहेब कोण, हे तिला सांगावे लागत नाही. ते तिच्या घरातच आहेत. तिला माहीत नसते ते वेगळेच. उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, जात पडताळणीला किती दिवस लागतात, बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हे तिने काउंटरवर आम्हांलाच विचारावे लागते, याचा अर्थ तिच्या वस्तीत हे सांगणारे कोणी नाही. शायोकाझ्याच्या मुलीची अडचण आणि हिची अडचण एकाच जातीची आहे.

आदर्शाची काठी होऊ नये

आदर्शाचा एक दुरुपयोगही होतो. 'बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुला काय धाड भरली?' असे आपण मुलांना सहज बोलतो. याने आदर्शाची काठी होते. बाबासाहेबांची प्रज्ञा व कष्ट अलौकिक होतेच. परंतु त्यांच्या पाठीशी पुस्तकांसाठी उसनवार करणारे रामजी सुभेदार होते, १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर बुद्धचरित्र हाती देणारे केळुसकर गुरुजी होते आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पाठविणारी बडोद्याची शिष्यवृत्ती होती. हे वगळून चरित्र सांगितले, तर मूल थक्क होते, पण उठत नाही. ते सांगितले, तर मुलाला वाट दिसते आणि आपल्याला आपले काम दिसते.

सरकारांनाही हेच लागू आहे. हंगेरीत २०१२ पासून सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादा १८ वरून १६ वर आणली गेली. २०११ च्या कायद्याने अनेक लहान धार्मिक समुदायांची मान्यता गेली, त्यांत जय भीम समुदायही होता. एका हाताने मुलाला आदर्श दाखवावयाचे आणि दुसऱ्या हाताने शाळेचे दार लोटावयाचे, याने काही साधत नाही. प्रेरणा ही शाळा, शिक्षक आणि शिष्यवृत्ती यांच्या जागी येऊ शकत नाही. ती त्यांच्या बरोबर चालते.

आपण काय करावे?

संस्थेच्या सभासदांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. गुणवंतांचा सत्कार करताना नव्वद टक्केवाल्याबरोबरच नापास होऊन पुन्हा बसलेल्या व पास झालेल्या मुलालाही व्यासपीठावर बोलवावे. सत्कार झालेल्या प्रत्येकाने वर्षभर आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेत खालच्या वर्गातील दोन मुलांना द्यावी. आणि नोकरीत असलेल्या आपण सर्वांनी वर्षातून एकदा मुलांसमोर बसून आपली वाट खरीखुरी सांगावी. कोठे अडलो, कोणी हात दिला, कोणता फॉर्म चुकला, हेही सांगावे.

विद्यार्थी मित्रांना एवढेच सांगणे आहे. तुम्हांला वाटत असेल की आदर्श होण्यास फार मोठे व्हावे लागते. तसे नाही. तुम्ही दहावीत असाल, तर सातवीतल्या मुलासाठी तुम्हीच ती पणती आहात. ज्या बाबासाहेबांचे नाव सातासमुद्रापलीकडच्या रोमा मुलांनी आपल्या शाळेला दिले, त्यांचा वारसा आपल्या दारात आहे. तो फोटोपुरता न ठेवता आपल्या मागे चालणाऱ्या मुलापर्यंत पोहोचविणे, हेच त्यांना खरे अभिवादन होय.

जय भीम! नमो बुद्धाय!