मागच्या चाकांचा जोर

भर पावसाळ्यात हिंगणघाट किंवा समुद्रपूर तालुक्यातली एखादी पांदण डोळ्यांसमोर आणा. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि गाडी फसते. तिथून गाडी निघेल की नाही, हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा जोर लावणाऱ्या चाकांवर वजन किती आहे यावर जास्त ठरतं. प्रीमियर पद्मिनी आणि टाटा नॅनो शेजारी ठेवल्या की हे नीट कळतं. एक कुर्ल्यात बनली, दुसरी पुण्यात आखली गेली. दोघींनाही जोर मागच्या चाकांचा. म्हणून दोघींवर ‘जुनाट पद्धत’ असा एकच शिक्का मारणं मला चूक वाटतं.

पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. तिचं १०८९ सीसीचं इंजिन पुढे, आणि तिथून गाडीच्या पोटाखालून प्रोपेलर शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपर्यंत जातो. मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्याच्या पायांत येणारा उंचवटा त्या शाफ्टचाच. त्या काळी एकच चाक वळवायचं आणि त्यालाच जोरही द्यायचा, तर त्यासाठी लागणारे टिकाऊ सांधे स्वस्तात मिळत नसत. म्हणून कामं वाटून दिली होती. भरल्या गाडीत ही वाटणी उत्तम चालते. पाच माणसं बसली, डिकीत सामान आलं की मागची चाकं जमीन धरतात. एकट्या चालकाला घेऊन निघालेली पद्मिनी मात्र मागे हलकी, आणि चिखलात नेमकं तेच नडतं. नॅनोचं ६२४ सीसीचं इंजिन मागच्या सीटखाली, थेट त्या चाकांजवळ. लांब शाफ्ट नाही, उंचवटा नाही, आणि गाडी रिकामी असली तरी पकड कायम. शेपटाकडचं हे वजन वळणावर गाडी मागून सरकवू शकतं, म्हणून पहिल्या नॅनोचे पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंदीचे, तर मागचे १५५ चे ठेवले.

यावर कोणी म्हणेल, हेच फायदे मारुती ८०० ने पुढची चाकं फिरवून दिले आणि १९८३ नंतर पद्मिनीला मागे टाकलं. खरं आहे, पुढच्या चाकांची मांडणी सुटसुटीत आहेच. पण चढावर वजन मागे झुकतं, भरल्या गाडीत तर आणखी, आणि नेमक्या त्या वेळी पुढची चाकं हलकी होतात. शिवाय मारुतीच्या यशात कमी पेट्रोल आणि नव्या बनावटीचा भरवसा यांचा वाटा मोठा होता. दुसरा आक्षेप, नॅनो बाजारात पडली. पडली खरी, पण चाकांमुळे नाही. ‘सगळ्यात स्वस्त गाडी’ ही ओळख घरापुढे मिरवावी असं लोकांना वाटलं नाही, आणि काही गाड्यांनी पेट घेतल्याच्या बातम्यांनी भीती बसली. मागे इंजिन ठेवण्याची खरी किंमत सामानाच्या जागेत मोजावी लागली. पहिल्या नॅनोचं मागचं दार उघडतच नसे. पिशवी ठेवायची तर मागची सीट दुमडून आतून हात घालावा लागे. उघडणारं दार आलं २०१५ मध्ये, आणि तोवर फार उशीर झाला होता.